प्लास्टरच्या आतली खाज

माझा घोटा तीन ठिकाणी मोडला तेव्हा माझी मोटारसायकल उभी होती. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी "स्पीड किती होता, सर?" असं विचारायचा, आणि "नव्हताच" म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. आणलेली केळी परत पिशवीत घालून निघतो की काय असं वाटायचं. पण खरं ते खरं. वागमणच्या घाटात, चहाच्या टपरीसमोर गाडी लावताना शेवाळावरून माझा पाय सरकला आणि माझी बुलेट, झोप आलेल्या म्हशीनं बसावं तशी, सावकाश माझ्या डाव्या पायावर बसली. आवाज मात्र वाळकी फांदी मोडल्यासारखा आला. आतून टपरीवाल्यानं विचारलं, "साखर किती?" मी जे उत्तर दिलं ते शाळामास्तराच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

ऑपरेशन मोठं झालं. घोट्यात दोन प्लेटा बसल्या आणि स्क्रू तर इतके, की सुकुमारननं एक्स-रे उजेडाकडे धरून "एवढ्यात एक ट्रान्सफॉर्मर उभा केला असता" असं मत दिलं. सुकुमारन वीज मंडळातून रिटायर झालेला इंजिनियर. दर रविवारी मोटारसायकली घेऊन डोंगरात जाणारे आम्ही चौघं: तो, रबराचा व्यापारी वर्कीच्चन, बेकरीवाला नजीब आणि मी, पौलोस, शाळेत फिजिक्स शिकवणारा. त्या दिवशी टपरीपासून तोडुपुळ्याच्या हॉस्पिटलपर्यंत मला या तिघांनीच आणलं, आणि तेव्हापासून माझा पाय ही चौघांची सामायिक मालमत्ता आहे अशी त्यांची ठाम समजूत झाली.

घरी सोडताना डॉक्टर अंबिली आम्हा सगळ्यांना समोर उभं करून (मी सोडून, मी खुर्चीत होतो) म्हणाल्या, "आत धातू आहे. तिथवर जंतू गेले तर प्लेटा काढाव्या लागतील. मग घोटा कायमचा जखडून टाकण्याशिवाय माझ्या हातात काही उरणार नाही. गाडी तर सोडाच, सर, फळ्यासमोर उभं राहायलाही त्रास होईल. पाय उंच ठेवा, प्लास्टर कोरडं ठेवा, आणि आत काहीही घालू नका. काहीही म्हणजे काहीही."

तिघांनी शाळकरी पोरांसारख्या माना डोलावल्या. माझी बायको एलिक्कुट्टीनं तेवढी डोलावली नाही. ती या तिघांकडे बघत होती.

आमचं घर रस्त्यापासून उंचावर, रबराच्या झाडांत आहे. दगडी पायऱ्या चढून यावं लागतं. मला वाटलं होतं, निदान या पायऱ्यांमुळे तरी सल्ले देणारे कमी येतील. पण आमच्या गावात मोडलेलं हाड म्हणजे यात्रा. शेजारच्या शोशाम्मा चेचीनं (चेची म्हणजे ताई) पहिल्याच दिवशी बकरीच्या पायांचं सूप आणलं. "हाडाला हाड जोडतं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या जावेनं आणलं, कारण शोशाम्माच्या सुपात मिरी कमी असते. मग चर्चमधून आलं. माझा एक घोटा जोडायचा म्हणून गावातल्या किती बकऱ्या पांगळ्या झाल्या, देव जाणे. एक जण वैद्याचं तेल घेऊन आला, ते प्लास्टरवरूनच चोळायचं म्हणे. मी त्याला तेल आणि प्लास्टर यांच्यामधल्या भौतिक संबंधावर चार शब्द सांगितले. "सर, तुम्ही शिकलेले, तुम्हाला लागू पडणार नाही," असं दुःखानं म्हणत तो उठला.

मित्र मात्र सल्ले देत नव्हते, कामं करत होते. नजीब रोज सकाळी ताजा पाव घेऊन यायचा आणि मला न्हाणीघरापर्यंत खांदा द्यायचा. वर्कीच्चननं घरात जागोजागी धरायला लाकडी दांडे ठोकले. सुकुमारननं माझ्या खाटेपाशी घंटीचं बटण बसवलं. ते दाबलं की स्वयंपाकघरात भोंगा वाजे. तो एलिक्कुट्टीनं पहिल्याच दुपारी उपटून फेकला, पण प्रयत्न प्रामाणिक होता.

आणि मग खाज सुटली.

ज्याला प्लास्टरच्या आत कधी खाज सुटलेली नाही त्याला ती समजावून सांगणं कठीण आहे. दुखणं निदान अब्रूदार असतं. लोक हळहळतात. खाजेला कोणी हळहळत नाही. ती टाचेच्या वर, आतल्या बाजूला, हाताला कधीच सापडणार नाही अशा जागी सुरू झाली आणि दिवसेंदिवस तिथे घर करून राहिली. मी मोठ्यानं पाढे म्हटले, प्लास्टरवर चमच्यानं ठोकलं, प्रार्थना केली. प्रार्थनेच्या मधोमध ती जास्त वाढायची.

"पावडर," नजीब म्हणाला. एलिक्कुट्टी विहिरीवर गेल्याचं पाहून त्यानं प्लास्टरच्या तोंडातून अर्धा डबा पावडर आत ओतली. खाज थांबली नाही. आता तिला सुगंध येऊ लागला, एवढंच.

सुकुमारननं जाड तार आणली. टोकाला रबरी नळी चढवली होती, "म्हणजे कातडीला इजा नको. शास्त्रशुद्ध आहे." तार आत गेली. अहाहा! त्या क्षणी मी सुकुमारनला माझी बुलेट लिहून दिली असती. पण तार बाहेर आली तेव्हा टोकाला नळी नव्हती.

आम्ही चौघं त्या उघड्या टोकाकडे पाहत राहिलो.

"काढू या," वर्कीच्चन म्हणाला. त्यानं परसातून माडाच्या झावळीचा एक लांब हीर सोलून आणला. लवचिक, गुळगुळीत, आमच्याकडे जीभ घासायला वापरतात तसा. "याच्यानं अलगद वर येईल." हीर आत गेला, वळला, आणि बाहेर पायऱ्यांवर एलिक्कुट्टीच्या चपला वाजल्या. वर्कीच्चन दचकला. आत बारीकसा 'कट्' असा आवाज झाला.

"काय करताय?" ती दारातून म्हणाली.

"प्रार्थना," नजीब म्हणाला. तो मुसलमान, सुकुमारन नास्तिक, पण त्या वेळी चौघांचेही हात जोडलेले होते.

नंतरचे दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी अंग कसकसलं. एलिक्कुट्टी म्हणू लागली की घरात कुठेतरी फणस सडलाय. तिनं कोठी धुंडाळली, खाटेखाली वाकून पाहिलं. मी गप्प बसलो. वास फणसाचा नाही हे मला कळलं होतं. प्लास्टर आतून आवळत चाललं होतं आणि घोट्याचं दुखणं आता अब्रूदार वगैरे राहिलं नव्हतं.

सकाळी चादर बाजूला केली तर पायाची बोटं जांभळी पडलेली. एलिक्कुट्टीनं हात लावला.

"बर्फ आहे," ती हळूच म्हणाली. "अहो, हलवा बघू."

मी हलवली. म्हणजे हलवायचा हुकूम दिला. बोटांनी तो ऐकला नाही.

तिनं हॉस्पिटलला फोन लावला आणि डॉक्टर अंबिलींचा आवाज मला खाटेवरूनही ऐकू आला. "आत्ताच्या आत्ता घेऊन या. वाट बघू नका. प्लास्टर कापलं नाही तर पाय जाईल." फोन ठेवून एलिक्कुट्टीनं माझ्याकडे पाहिलं. "आत काय घातलंत?" मी सांगितलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती साडी बदलायला गेली.

आणि त्या दिवशी हरताळ होता. कशासाठी होता हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सकाळपासून रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स एका बाळंतिणीला आणायला डोंगरात गेली होती. टॅक्सीवाले फोन उचलत नव्हते, कारण पहाटेच कवलवर (चौकाला आमच्याकडे कवल म्हणतात) एका गाडीची काच फुटली होती. नजीब बेकरीची व्हॅन घेऊन निघाला आणि थोड्या वेळानं घामाघूम होऊन पायी आला. "चारी चाकांची हवा सोडली. म्हणाले, फक्त दुचाकी चालेल."

"दुचाकीवर हा बसणार कसा?" सुकुमारन म्हणाला. "पाय लोंबकळला तर संपलंच."

वर्कीच्चन निघून गेला. खूप वेळ त्याचा पत्ता नाही. मी बोटांकडे बघत होतो. जांभळा रंग काळपट होत होता की मलाच तसं दिसत होतं? मग खालून एक आवाज आला: जुन्या बुलेटची धडधड आणि तिच्याबरोबर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा खणखणाट. वर्कीच्चन त्याची साइडकार घेऊन आला होता. ती त्यानं कुठल्याशा इस्टेटीच्या भंगारातून आणली होती, वर्षानुवर्षं तो ती दुरुस्त करत होता आणि आजवर ती त्याच्या अंगणाबाहेर पडली नव्हती.

"चालेल ना?" मी विचारलं.

"आली ना इथवर," तो म्हणाला. हे उत्तर मला फिजिक्सच्या पेपरात आलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मला पायऱ्यांवरून खाली नेण्यात आलं. शोशाम्मा चेची पुढे पुढे चालत "हळू, हळू" म्हणत होती आणि प्रत्येक पायरीवर स्वतःच वाटेत येत होती. साइडकारमध्ये मला कोंबलं, उशांवर पाय पुढे टेकवला. प्लास्टर नाकावरून बाहेर डोकावत होतं. पुढे माझ्या बुलेटवर नजीब, मध्ये मी आणि वर्कीच्चन, मागे सुकुमारन. आणि सुकुमारनच्या मागे, एका बाजूला पाय सोडून, हँडबॅग घट्ट धरून बसलेली एलिक्कुट्टी. अशी आमची वरात निघाली. रस्त्याचा प्रत्येक खड्डा आधी वर्कीच्चनला दिसायचा आणि मग माझ्या घोट्याला.

कवलवर बाकडी आडवी टाकली होती. झेंडे लावलेले बांबू घेऊन दहाबारा जण उभे. त्यांचा पुढारी रेजी, टायरच्या दुकानातला, हात वर करून आडवा आला.

"थांबा. हे काय आहे?"

"हॉस्पिटलची केस आहे," नजीब म्हणाला.

"ते ठीक. पण ही गाडी काय आहे?"

"मोटारसायकल," वर्कीच्चन म्हणाला. "दुचाकी."

रेजीनं वाकून चाकं मोजली. पुन्हा मोजली. "तीन आहेत."

"तिसरं साइडकारचं. ते वेगळं."

"तीन चाकं म्हणजे रिक्षा. रिक्षाला बंदी आहे." मागून एक जण म्हणाला, "पण रिक्षाला पुढे एक चाक असतं, रेजी. हिला पुढे दीडच आहे म्हण." दुसरा म्हणाला, "पेट्रोलवर चालते का? मग मोटारच." तिसरा तर साइडकारभोवती फिरून, "ही कितव्या सालातली? ॲव्हरेज काय देते?" असं विचारू लागला. आणि वर्कीच्चन, माझा जिवलग मित्र वर्कीच्चन, "टेकावर कमी देते, पण..." असं उत्तरही देऊ लागला!

"वर्कीच्चन!" मी ओरडलो.

"आणि प्लास्टर खरं कशावरून?" रेजी म्हणाला. "सकाळी एक जण हाताला फडकं गुंडाळून गेला. नंतर कळलं, मुन्नारला फिरायला गेला."

एलिक्कुट्टी सुकुमारनच्या गाडीवरून उतरली. ती सरळ रेजीसमोर आली, त्याचा हात मनगटाला धरला आणि माझ्या पायाच्या बोटांवर ठेवला. तो हात तिथे राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं वादविवादाचं तेज ओसरलं.

"चेची," तो म्हणाला, "हे गार आहे."

"तेच सांगतेय. आता तुझी चाकं मोज."

बाकडी क्षणात बाजूला झाली. पण वर्कीच्चननं घाईघाईत गाडीला इतक्या जोरात किक मारली आणि गाडी अशी उसळली की माझ्या बाजूला खाली काहीतरी तडकलं. थोडं अंतर गेलो असू, साइडकार मोटारसायकलपासून दूर जाऊ लागली. आधी हळूच, रुसल्यासारखी. मी "वर्कीच्चन, ही निघाली!" म्हणेपर्यंत दोन्ही पकडी तुटल्या आणि साइडकारचं नाक रस्त्याला घासू लागलं. ठिणग्या उडाल्या. वर्कीच्चननं ब्रेक दाबला, मागून सुकुमारन आदळता आदळता वाचला. हॉस्पिटलचा क्रूस समोर, झाडांच्या शेंड्यांवर दिसत होता. आणि मी रस्त्याच्या मधोमध, एका लोखंडी टबात.

मला बोटं आता जाणवतच नव्हती. दुखणं थांबलं होतं. हे वाईट लक्षण आहे एवढं मला कळत होतं, आणि ते बोलून दाखवायची माझी हिंमत होत नव्हती. एलिक्कुट्टीनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला ते कळलं.

"उचला," ती म्हणाली.

"चेची, टबासकट? आम्ही तिघंच..."

पण मागून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. कवलवरची सगळी माणसं, झेंड्यांसकट. रेजीनं आल्या आल्या काही विचारलंही नाही. दोन बांबूंचे झेंडे सोडून गळ्यात अडकवले, बांबू टबाखालून घातले आणि "एक, दोन" म्हणता मी माणसांच्या खांद्यांवर होतो. एका बाजूला नजीब आणि सुकुमारन, दुसरीकडे रेजी आणि त्याचा तो 'दीड चाक'वाला. वर्कीच्चन माझा पाय दोन्ही हातांनी वर धरून उलटा, मागे मागे चालत होता. ठेच लागली तरी हात खाली येत नव्हते.

सवय वाईट. रांगेत चालायला लागल्यावर मागच्या कुणीतरी घोषणा दिली. दुसऱ्यानं साथ दिली. बंद दुकानांच्या वरच्या खिडक्या उघडल्या. गल्लीतून आणखी माणसं आली, काहींनी मुठी आवळल्या, आणि आमच्या मागे बघता बघता मोर्चा तयार झाला. एका म्हाताऱ्यानं मला हात जोडून नमस्कार केला. कुणी हुतात्मा असावा असं समजून त्यानं डोळेही पुसले.

हॉस्पिटलच्या वळणावर पोलिसांची जीप आडवी. सब-इन्स्पेक्टर काठी घेऊन उतरला. "परवानगीशिवाय मोर्चा? खाली ठेवा!"

"सर, पेशंट आहे."

"पेशंटला घोषणा लागतात का? खाली ठेवा म्हणतो ना!"

टब खाली टेकला. गर्दी तापू लागली. रेजी पुढे सरसावला, काठी वर झाली आणि मला वाटलं, संपलं. इथे आता लाठी चालणार, सगळे पळणार आणि मी टबात बसून राहणार. आयुष्यभर मुलांना ज्यानं शिस्तीवर व्याख्यान दिलं तो पौलोस सर गळा काढून ओरडला, "अहो, माझा पाय मरतोय!"

 ज्या आवाजात मी ओरडलो तो माझा मलाही ओळखीचा नव्हता. सब-इन्स्पेक्टर टबापाशी आला, वाकला, आणि त्या काळ्यानिळ्या बोटांकडे पाहून त्यानं काठी जीपमध्ये फेकली.

"गप्प राहून उचला," तो म्हणाला. "घोषणा दिली त्याला आत टाकीन." आणि तो स्वतः पुढे शिट्टी वाजवत धावू लागला.

प्लास्टर कापायची करवत चालू झाली तेव्हा एलिक्कुट्टीनं माझं डोकं पोटाशी धरलं होतं. प्लास्टर उकललं आणि त्या खोलीतून फणसाचा सगळा गैरसमज दूर झाला. डॉक्टर अंबिली चिमट्यानं एक एक वस्तू काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवत होत्या. हिराचा तुकडा. रबरी नळी. पावडरचा दगड झालेला गोळा.

"ही वस्तू कुणाची?" त्यांनी चिमटा वर धरून विचारलं.

दारातले तिघंही छताकडे बघत होते.

बोटं हळूहळू दुखू लागली. इतकी दुखली की मी रडलो, आणि डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "रडा. रक्त परत येतंय." पण हसू लगेच गेलं. हिरानं टाक्याजवळची कातडी फाडली होती, आत पू होता. "किती खोल गेलाय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. प्लेटेपर्यंत असेल तर सगळं काढीन. तयारी ठेवा."

मला आत नेलं. बाहेरचं मला नंतर एलिक्कुट्टीनं सांगितलं. वर्कीच्चन भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि स्वतःच्या हातांकडे बघत होता. नजीब जिन्याखाली नमाजाला बसला. सुकुमारन, आयुष्यात देवळाची पायरी न चढलेला, हॉस्पिटलच्या चॅपेलच्या दारापर्यंत गेला, आत डोकावला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी एलिक्कुट्टी त्या तिघांपाशी गेली. तिला त्यांना खूप बोलायचं होतं. तिनं घरून निघताना सगळं मनात जुळवलं होतं. प्रत्यक्षात ती म्हणाली, "सकाळपासून कुणी काही खाल्लंय का?" आणि वर्कीच्चन मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंडावरचं फडकं काढायच्या आधीच सांगितलं, "वरवर आहे. प्लेट स्वच्छ आहे."

रेजी आणि मंडळी फाटकाबाहेर उभी होती. हरताळ संपला होता, पण ती गेली नव्हती. बातमी कळल्यावर त्यांनी घोषणा दिली नाही. आत पोलीस होते.

पाय वाचला तरी तो चालायला शिकायला बऱ्याच आठवड्यांनी तयार झाला. हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत दोन समांतर दांड्यांमध्ये मला उभं केलं. शिकवणारी मुलगी, जेसीना, म्हणाली, "आता डावा पाय टेका, सर. पूर्ण वजन."

मी खाली पाहिलं. तो पाय बारीक झाला होता, सोललेल्या टॅपिओकाच्या कंदासारखा, दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. त्यावर मी इतकी वर्षं विचार न करता उभा राहत आलो होतो. आता त्याच्यावर वजन टाकायचं म्हणजे अनोळखी माणसाकडे घराच्या किल्ल्या द्यायच्या. पाय टेकवेना.

जेसीना वैतागून म्हणाली, "अहो, तुम्ही लोक जरा मागे व्हा बघू!"

मी मान वर केली. डावीकडे नजीब, उजवीकडे सुकुमारन, मागे वर्कीच्चन. तिघांचे सहाही हात माझ्याभोवती पसरलेले, झाडावरून पडणारा फणस झेलायला उभे असल्यासारखे. वर्कीच्चनचे डोळे मिटलेले होते.

"असं चिकटून उभं राहिलात," जेसीना म्हणाली, "तर हे पडणार कुठे?"

"तेच तर," नजीब म्हणाला आणि आणखी जवळ सरकला.

मी पाय टेकला.